कासवाची काचेची पाठ

सूतबाई हे काही कोणाचे पाळण्यातले नाव असू शकत नाही. ते त्यांना कारखान्यात मिळाले. पंपांचे सुटे भाग तयार करणाऱ्या त्या कारखान्यात बाई तपासणी विभागाच्या अभियंता होत्या. एखादे झाकण मापापेक्षा सूतभर जाड निघाले तरी त्या ते परत पाठवीत. फौंड्रीतली माणसे आधी चिडली, मग हसू लागली आणि शेवटी त्यांनी बाईंचे बारसे केले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा फरकासाठी जी बाई दुपारचे जेवण बाजूला ठेवते, तिला दुसरे काय म्हणणार? बाईंना त्या नावाचा राग आला नाही. घरी सासूबाईंनीही ते उचलले. भाजी थोडी खारट झाली की त्या म्हणत, "आज आमच्या सूतबाईंचं सूत कुठं हरवलं?"

बाईंचे वडील कुलपे दुरुस्त करीत. त्यांच्या लहानशा दुकानात किल्लीचा ठसा घेण्यासाठी मेणाच्या वड्या असत. लहानपणी बाई त्या मेणाची माणसे करीत, प्राणी करीत, आणि संध्याकाळी वडील ती सगळी वितळवून पुन्हा वड्या पाडीत. यात दुष्टपणा नव्हता. मेण कामाचे होते. मुलीचा हात चांगला आहे हे त्यांना दिसत होते. परंतु हात चांगला असणे आणि हाताला काम मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे मत होते. म्हणून बाई अभियांत्रिकी शिकल्या. मन लावून शिकल्या, हे येथे नमूद केले पाहिजे. पुष्कळ लोकांना असे वाटते की कलेची आवड असणाऱ्याला गणिताचा कंटाळा असतो. बाईंना गणित आवडत असे. गणितात काळजीला उत्तर असते, एवढेच त्यांना पुरेसे होते. कारण काळजी त्यांच्या स्वभावातच होती. घरातून निघताना त्या कुलूप ओढून पाहत, चार पावले जात आणि परत येऊन पुन्हा ओढत.

कारखान्याच्या फौंड्रीत त्यांनी वितळलेले ब्राँझ प्रथम पाहिले. साच्यात शिरणारी ती नारिंगी धार त्या शेवटच्या थेंबापर्यंत पाहत राहिल्या. पुढे फौंड्रीच्या मिस्त्रींनी मोठ्या कामातून उरलेल्या धातूत त्यांचा एक मेणाचा बेडूक ओतून दिला. वडिलांनी न वितळवलेली ती पहिली वस्तू. काच त्यांना योगायोगाने भेटली. काचेच्या एका कारखान्यातील पंखा का थरथरतो हे पाहण्यासाठी त्यांना पाठविले होते. पंखा अर्ध्या तासात ठीक झाला. बाई मात्र संध्याकाळपर्यंत भट्टीपाशी उभ्या होत्या. ब्राँझ ओतले की त्याचे काय झाले ते लवकर कळते. काचेचे तसे नाही. काच वरून शांत होते आणि आतून कितीतरी वेळ शांत होत नाही. बाईंना ती आपल्या गोतातली वाटली.

त्यानंतरची बरीच वर्षे त्यांनी दोन दगडांवर पाय ठेवून काढली. अर्धा आठवडा कारखाना, अर्धा आठवडा घरामागची शेड. शेडमध्ये एक विजेची भट्टी, एक लांब टेबल आणि साच्यांची पांढरी धूळ. यजमान शाळेत भूगोल शिकवीत. ते स्वभावाने थंड होते. बायकोच्या काळजीवर त्यांचा एकच उपाय असे; ते चहा ठेवीत.

अशात मुलांच्या इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे आल्या. नव्या इमारतीच्या दालनासाठी त्यांना शिल्प हवे होते. शेडमधील वस्तू त्यांनी हात पाठीमागे बांधून पाहिल्या आणि मग आपले मागणे सांगितले.

"आमच्याकडे मुलांना दिवसभर एकच ऐकावं लागतं. याला हात लावू नकोस, त्याला हात लावू नकोस. मला एक वस्तू अशी द्या, की मी म्हणू शकेन, लाव हात. चढ वर. बडव."

"काचेची?" बाईंनी विचारले.

"तुम्हाला जमत असेल तर काचेचीच. ती काच आहे म्हणूनच तर मजा."

बाईंना वास्तविक नाही म्हणायचे होते. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे तोवर एक कासव येऊन बसले होते. पाय, मान आणि खालचे अंग ब्राँझचे, आणि पाठ जाड, हिरवट, आरपार दिसणाऱ्या काचेची, खालून दिवा लावलेली. एका वेळी तीन मुले बसतील एवढे मोठे. त्या हो म्हणाल्या, आणि त्याच क्षणापासून त्यांची झोप उडाली.

कासवाचे अंग कारखान्याच्या फौंड्रीत ओतले गेले. ब्राँझ आणि काच तापमानानुसार सारखे आकसत नाहीत. धातू जास्त आकसतो आणि काचेला आवळतो. म्हणून बाईंनी दोहोंमध्ये फट ठेवून मऊ गादीची योजना केली. पाठीचा नकाशा त्यांनी कारखान्यातल्यासारखाच काटेकोर काढला, जाडी चार बोटे धरली, आणि त्या जाडीवरून काच किती सावकाश निववायची याचे गणित मांडले. काच घाईने थंड केली तर बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, आतला मागे राहतो आणि दोघांची ओढाताण काचेत कायमची अडकून पडते. ती डोळ्याला दिसत नाही. काच वर्षभर उभी राहते आणि एखाद्या गार सकाळी, कोणी नुसते टेकले तरी, दुभंगते. म्हणून बाईंनी हे गणित तीनदा तपासले.

मग पाठीचे मेणाचे रूप करायला घेतले. नकाशाप्रमाणे केलेली पाठ बरोबर होती आणि मेलेली होती. कासव टोपलीसारखे दिसत होते. बाई दोन दिवस तिच्याभोवती फिरल्या. नंतर त्यांनी मानेच्या मागे मेण चढवायला सुरुवात केली. अंगठ्याने दाबीत, गरम सुरीने सारखे करीत त्यांनी तेथे एक उंचवटा आणला, आणि कासव जणू खांदा उचलून उठू लागले. सासूबाई शेडमध्ये डोकावल्या व म्हणाल्या, "आता हे कुठंतरी निघालंय." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच संध्याकाळी साच्याचे काम सुरू केले. साचा झाला, मेण वितळवून काढले, काच भरली, भट्टी बंद केली. काच वितळून साच्यात बसली आणि भट्टी नेमून दिल्याप्रमाणे निवू लागली.

भट्टी बंद असताना करण्यासारखे काही नसते. उघडून पाहिले तर गार वारा आत जातो आणि काच तडकते. बाई सकाळी भट्टीचा आकडा पाहत, कारखान्यात जात आणि घरी येऊन पुन्हा आकडा पाहत. यजमानांनी एकदा त्या आकड्याला "आपले पाहुणे" म्हटले. पाहुण्यांची तब्येत कशी आहे, ताप किती उतरला, असे ते विचारीत.

अशाच एका दुपारी कारखान्यात पंपाच्या एका झाकणावरून वाद झाला. झाकण एका बाजूला जाड निघाले होते. फौंड्रीचे मिस्त्री म्हणत होते की तेथे जाडी वाढविल्याने झाकण मजबूत झाले आहे, बिघडले काहीच नाही. बाईंनी नेहमीप्रमाणे नकाशा टेबलावर पसरला.

"मिस्त्री, नकाशात आहे ते खरं. वस्तू वेगळी असेल तर वस्तू चुकली."

"बाई, वस्तूला कुठं ठाऊक असतं नकाशात काय आहे?" मिस्त्री हसून म्हणाले. "ती आपली जशी झालीय तशी झालीय."

हे ते नुसते चेष्टेने बोलले. बाई मात्र नकाशावर बोट ठेवून तशाच थांबल्या. त्यांचा अंगठा आपोआप हलला. मेणावरून फिरावा तसा. कासवाचा खांदा. तेथे चार बोटे राहिलेली नव्हती. सहा होती, कदाचित थोडी अधिकच. आणि भट्टीला त्यांनी आकडे दिले होते ते नकाशावरून. कारखान्यात वीस वर्षे नकाशा खरा मानून मानून त्यांच्या हाताने जे केले होते ते त्यांच्या डोक्याने हिशेबातच धरले नव्हते. दुसऱ्या कोणा शिल्पकाराने फूटपट्टी घेऊन मेण मोजले असते, कारण त्याच्याजवळ विश्वास ठेवण्यासारखा नकाशाच नसता.

"बाई, पाणी हवं का?" मिस्त्रींनी विचारले. बाईंच्या तोंडचे पाणी खरोखरच पळाले होते.

त्या अर्ध्या रजेचा अर्ज न देताच घरी आल्या. भट्टीचा आकडा पाहिला. ज्या उष्णतेत काच सावकाश न्यावी लागते ती पट्टी केव्हाच मागे पडली होती. आता भट्टीला काहीही सांगून उपयोग नव्हता. जे अडकायचे ते अडकून बसले होते. सासूबाईंना त्यांनी कारण समजावून सांगितले, की जाडी दीडपट झाली की वेळ दीडपट पुरत नाही, दुपटीहून जास्त लागतो. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले व विचारले, "मग फुटली का?" बाई म्हणाल्या, "माहीत नाही." त्यावर सासूबाई म्हणाल्या की न फुटलेल्या भांड्यासाठी रडण्याची पद्धत त्यांच्या माहेरी नव्हती. परंतु त्यांनीही त्या दिवसापासून शेडवरून जाताना पाय हलके टाकायला सुरुवात केली.

भट्टी उघडली तेव्हा पाठ अखंड होती. साचा फोडून, धुऊन, घासून ती टेबलावर ठेवली तेव्हा यजमान प्रथमच काही विनोद न करता उभे राहिले. प्रकाश तिच्यात शिरून खांद्यापाशी गोळा होत होता. डॉक्टरीणबाई पाहायला आल्या. त्यांनी या वेळी हात पाठीमागे बांधले नाहीत. दोन्ही तळवे काचेवर ठेवून त्या लहान मुलीसारख्या हसल्या आणि दालनाच्या उद्घाटनाची आमंत्रणे गेली आहेत असे सांगून गेल्या.

त्या गेल्यावर बाईंनी दोन काळसर पारदर्शक ताव काढले. उन्हाच्या काही चष्म्यांत असतो तसलाच तो पदार्थ. एक ताव काचेमागे आणि एक पुढे, परस्परांना आडवे धरले की सगळे अंधारते. काचेत ताण नसेल तर काचही अंधारते. ताण असेल तर तेवढी जागा उजळते. बाईंनी यजमानांना एक ताव देऊन दिव्याजवळ उभे केले आणि दुसऱ्या तावातून पाहिले. पाठ काळी होती. खांद्यापाशी मात्र पिवळे, जांभळे, निळे पट्टे वळसे घेत बसले होते.

"किती सुंदर दिसतंय," मागचा ताव टेकवून ठेवून बाईंच्या खांद्यावरून डोकावत यजमान म्हणाले.

"अहो, तेच दिसायला नको होतं."

त्या रात्री कोणी फारसे जेवले नाही. बाईंना एकामागून एक चित्रे दिसू लागली. मूल बसले आहे. मूल टाचा आपटते आहे. बाहेर गार सकाळ आहे आणि खाली दिवा गरम आहे. यापुढचे चित्र त्या पाहू शकत नव्हत्या, म्हणून उठून पाणी पीत. दुसरीकडे, पुन्हा तापविण्याचीही त्यांना तेवढीच भीती होती. आत ताण असलेली जाड काच तापविताना बाहेरचा भाग आधी फुगतो आणि आतली ओढ आणखी वाढते. आज जी अखंड आहे ती उद्या भट्टीत दोन तुकडे होऊन पडू शकत होती. न तापविली तर कदाचित पन्नास वर्षे काहीही झाले नसते. हे 'कदाचित' त्यांना रात्रभर चावत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या ताव घेऊन इस्पितळात गेल्या. डॉक्टरीणबाईंना त्यांनी सगळे सांगितले. चूक आपली आहे हे आधी, आणि बाकीचे नंतर. डॉक्टरीणबाईंनी आमंत्रितांची यादी पुढे ओढली. विश्वस्त मंडळी येणार होती, मोठमोठी माणसे येणार होती. शेवटी त्यांनी मार्ग काढला.

"असं करू. आत्ता मांडून घेऊ. भोवती दोरी लावू, एक पाटी लावू. उद्घाटन होऊन जाऊ दे. मग तुम्ही सवडीनं काय ते करा."

"पाटीवर काय लिहिणार?"

डॉक्टरीणबाईंनी यादी मिटली. काय लिहावे लागेल ते दोघींनाही ठाऊक होते.

"एकदा दोरी लागली की ती सुटत नाही," बाई म्हणाल्या. "पाहणाऱ्यांना ते तसंच आवडेल. फोटो निघतील. मग तुम्हालाच वाटेल, कशाला काढायचं. आणि खरं सांगू? मलाही वाटेल. फुटण्यापेक्षा दोरी बरी, असं मलाच आधी वाटेल."

"आणि भट्टीत फुटलं तर?"

"तर तुमच्याकडे बिनपाठीचं कासव असेल, आणि माझ्या नावानं तुम्हाला जे म्हणायचं ते तुम्ही म्हणा."

हे बोलताना त्यांचा आवाज ठाम होता, असे डॉक्टरीणबाईंनी पुढे कोणालातरी सांगितले. प्रत्यक्षात बाई जिना अर्धा उतरून परत वर गेल्या आणि दार नीट लागले आहे का ते ओढून पाहून आल्या.

पाठ बारीक वाळूत निजवून पुन्हा भट्टीत ठेवली गेली. या वेळी बाईंनी नकाशा शेडमध्ये आणलाच नाही. त्यांनी काच मोजली. जेथे सर्वांत जाड तेथे मोजली आणि त्यावर आणखी थोडी जाडी धरून चालल्या. भट्टी इतक्या हळू तापत होती की आकडा हलतो आहे की नाही हे कळत नसे. तापताना काच तडकली तर एक बारीक आवाज होतो, नख मोडावे तसा. बाई शेडमध्ये स्टूल टाकून बसल्या. कारखान्यात त्यांनी रजा टाकली. पत्रा उन्हाने तडतडला तरी त्या उभ्या राहत. पाल चुकचुकली, त्या उभ्या राहिल्या. शेवटी सासूबाई स्वतःची खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसल्या. त्यांनी विणकाम आणले होते. थोड्या वेळाने सुयांचा आवाज होतो म्हणून बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. सासूबाईंनी विणकाम खाली ठेवले.

"अगं, एक विचारू?" त्या कुजबुजल्या. "आवाज आला तर तू काय करणार आहेस?"

"काहीच नाही, आई. काही करता येत नाही."

"मग ऐकतेयस कशाला?"

 बाई ऐकतच राहिल्या आणि सासूबाईही.

आवाज आला नाही. पण आवाज न येणे हा पुरावा नव्हे, हे बाईंना ठाऊक होते. वरची उष्णता गाठून भट्टी तेथे थांबली, मग उतरू लागली आणि उतरतच राहिली. दरम्यान उद्घाटनाचा दिवस आला. कासव दालनात मांडलेले होते. ब्राँझचे डोके, चार पाय, आणि पाठीच्या जागी मोठी पोकळी. भाषणे झाली. विश्वस्तांपैकी एकाने हे आधुनिक शिल्प असावे असे समजून त्याची स्तुती केली. बाई खांबाआड उभ्या होत्या. लाजेने त्यांचे कान तापले होते. पाहुणे चहाकडे वळले आणि मुले कासवाकडे आली. हाताला पट्टी बांधलेली एक मुलगी पोकळीत चढून बसली, तिच्या मागे आणखी दोघे बसले, कोणीतरी ते जहाज असल्याचे जाहीर केले. संध्याकाळपर्यंत त्या जहाजात बाहुल्या, चपला आणि एक अर्धवट खाल्लेले सफरचंद भरले गेले.

बाईंनी ते पाहिले आणि त्यांना बरे वाटण्याऐवजी आणखी एक काळजी लागली. आता पाठ नीट निघाली तरी ती या मुलांना हवी असेल काय?

भट्टी पूर्ण थंड झाल्यावरही त्यांनी एक दिवस अधिक थांबून झाकण उचलले. पाठ अखंड होती. त्यांनी यजमानांना हाक मारली. ताव धरले. पाठ काळी दिसली. खांदा पाहिला. खांदाही काळा होता. त्यांनी ताव फिरविले, जागा बदलली, यजमानांची जागा बदलली, दिवा बदलला. कोठेही रंग नव्हता.

"आता खरंच सुंदर दिसतंय," यजमान म्हणाले. काळ्याकुट्ट तावातून काहीच दिसत नव्हते.

बाईंनी ताव टेबलावर ठेवले. त्यानंतर सासूबाईंनी जे केले ते बाईंना सांगूनही पटले नसते. पाठ वाळूच्या पोत्यांवर मांडली होती. सासूबाईंनी चप्पल काढली, यजमानांच्या खांद्याचा आधार घेतला आणि त्या सावकाश काचेवर बसल्या. त्यांचे वजन घरात कोणी उच्चारीत नसे.

"आई, उतरा," बाई म्हणाल्या.

"का? मुलं बसणार ना? मग मी बसले तर काय झालं? तुझ्या गणितावर तुझा विश्वास आहे की नाही?"

"आहे. पण उतरा."

पाठ बसविण्याच्या दिवशी दालन रिकामे करून घेतले होते, तरी बातमी फुटलीच. गादी घातली गेली, फट चारही बाजूंनी सारखी झाली, दिवा लागला. हिरवा प्रकाश छतावर गेला. दोरी नव्हती, पाटी नव्हती. हाताला पट्टी बांधलेली मुलगी सर्वांच्या पुढे उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती.

"आमचं जहाज बुजवलं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिले. यापुढचे वाक्य बाईंनीच बोलायचे होते. ते साधे होते, तीन शब्दांचे होते. आपण काय काय मोजले, काय काय मोजायचे राहिले असेल, हे सारे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. मुलगी वाट पाहत होती.

"बस की वर," बाई म्हणाल्या.

मुलीने पट्टी नसलेला हात काचेवर ठेवला, लगेच काढला, पुन्हा ठेवला. मग ती चढली. थेट खांद्यावर, जेथे काच सर्वांत जाड होती, तेथे जाऊन बसली आणि हे खरोखर बसण्यासारखे आहे की नाही ते पाहण्यासाठी तिने दोन्ही टाचा जोराने आपटल्या.

बाई ऐकत होत्या. टाचांचा आवाज झाला. त्याखेरीज दुसरा कोणताही आवाज झाला नाही. मुलीने पुन्हा टाचा आपटल्या, मागून दुसरे मूल चढले, आणि बाई तेथून हलल्या नाहीत. संध्याकाळी यजमान त्यांना न्यायला आले तेव्हाही त्या त्याच जागी उभ्या होत्या, मान किंचित एका बाजूला कलती करून.